शुक्राचार्यांचा तिसरा वाटा

दीपावलीचे पर्व उंबरठ्याशी येऊन ठेपले आहे. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पिंपळगाव बसवंतच्या पेठेत नव्या वह्यांवर स्वस्तिके रेखली जातील, आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेस घरोघर बळीराजाचे स्मरण होईल.

बळीचे आख्यान आम्ही कीर्तनकार मोठ्या रंगाने लावतो. दानाचे उदक अडविण्यासाठी शुक्राचार्य झारीत शिरतात, वामन दर्भाची काडी घालतो, आचार्यांचा डोळा जातो आणि श्रोत्यांत हशा पिकतो. झारीची ही कथा भागवतात नाही. ती लोकपरंपरेतील आहे. भागवताच्या अष्टम स्कंधात मात्र याच प्रसंगी शुक्राचार्यांनी बळीस केलेला एक उपदेश आहे, आणि तो आम्ही घाईने ओलांडून जातो. उपजीविकेवरच घाला पडेल असे दान प्रशस्त नव्हे, असे बजावून ते वित्ताचे पाच वाटे करावयास सांगतात. धर्मासाठी एक, यशासाठी एक, तिसरा अर्थासाठी म्हणजे वित्तवृद्धीसाठी, चौथा उपभोगासाठी आणि पाचवा स्वजनांसाठी.

बळी त्रैलोक्याचा स्वामी होता. त्याने हा उपदेश मानला नाही आणि तो वंद्य ठरला. परंतु बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे २० किलोंचे क्रेट उचलणारा विशीतला तरुण, कांद्याच्या खळ्यावर निवडणी करणारी त्याची बहीण, यांनी बळीचा कित्ता गिरवावा काय? त्यांच्या कमाईचा हिशेब मांडून पाहावा. उत्सवाची वर्गणी गेली, हा धर्माचा वाटा. मित्रांत मान राहावा म्हणून वाढदिवसाचा फलक लागला, हा यशाचा. हप्त्यावरचा मोबाइल हा उपभोगाचा. उरलेले आईच्या हाती, ते स्वजनांचे. चार वाटे भरभरून झाले. तिसऱ्या वाट्याचे पान तेवढे कोरे राहिले.

मिळकत तुटपुंजी असता शिल्लक कोठून टाकावी, हा प्रश्न खोटा नाही. पण येथील मजुरीचा खरा दोष तिच्या अल्पत्वाइतकाच तिच्या चढउतारात आहे. टोमॅटोच्या भरात अंगाला फुरसत नसते. हंगाम ओसरला की हात रिकामे. दिवाळीत लिलाव बंद राहतात, त्या दिवसांची मजुरीही बुडते. अशा वेळी घरात कोणी आजारी पडले तर मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की पुढील हंगामाचे श्रम आधीच विकले गेलेले असतात. तिसरा वाटा हवा तो यासाठी. पाचही वाटे सारखे असावेत असा आमचा आग्रह नाही. दिवसास १० रुपये निघाले तरी वर्षाचे ३,६५० होतात, आणि तेवढ्यावर एखादी उचल टळते.

रोजच्या कमाईतून रोज थोडे काढण्याची रीत नवी नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दररोज दोन आणे दारोदार गोळा करणारी ठेव सुरू केली, तिचेच पिग्मी हे नाव आपल्या पेठेतही रुळले. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. नाव मात्र टिकून आहे. येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे. बँकेतील, सहकारी बँकेतीलसुद्धा, ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते संरक्षण नाही. पावती घेताना आपण बँकेच्या दारात आहोत की पतसंस्थेच्या, हे विचारण्यात संकोच नसावा. भिशीची तर सारी भिस्त परस्परांच्या शब्दावर.

टपाल कचेरीची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून, पाच वर्षांसाठी असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेल्या ६.७ टक्के दराने ६ हजार भरले असता ७,१०० हून काहीसे अधिक हाती येतात. हप्ता चुकला तर शंभरामागे रुपया दंड पडतो आणि चुका वाढल्यास खाते खंडित होते. म्हणून हप्ता ठरवावा तो हंगामातील कमाई पाहून नव्हे, मंदीचा महिना पाहून. पुढचे हप्ते आगाऊ भरण्याची सोयही तेथे आहे. हंगामी मजुरास याहून सोयीचे काय असावे? तरी ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांशी. मुलाने पहिला पगार देवापुढे ठेवावा, मग आईच्या हाती द्यावा, ही आपली सुंदर रीत आहे. तथापि मुलगा काही रक्कम स्वतःच्या नावे ठेवू म्हणाला की घरात कुजबुज सुरू होते. तो आपमतलबी झाला, सुनेच्या आधीच वेगळा झाला, असे बोल ऐकू येतात. मुलीच्या कमाईबाबत तर विचारणाही होत नाही. आचार्यांनी अर्थाचा वाटा स्वजनांच्या वाट्याआधी उच्चारला आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. पगाराच्या दिवशीच तो बाजूला निघावा, आणि सणाची खरेदी कितीही अडली तरी घरच्यांनी त्याकडे हात करू नये.

कीर्तनाची बिदागीही हंगामीच असते, त्यामुळे हा उपदेश आम्हांलाही उशिराच उमगला. यंदा पाडव्याच्या आख्यानात झारी येईल, दर्भाची काडीही येईल; परंतु त्याआधी पाच वाटे सांगून होतील.