तिने सर्व हकीकत सांगितली

संत मार्कच्या शुभवर्तमानातील ५ व्या अध्यायात १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. पुष्कळ वैद्यांच्या हाती तिने सर्वस्व खर्चिले. पण गुण न येता दुखणे वाढतच गेले. गर्दीतून लपत येऊन ती प्रभूच्या वस्त्राला शिवली. प्रभूने मात्र तिला लपू दिले नाही. थरथरत तिने सर्व हकीकत सांगितली, तेव्हा त्याने तिला मुलगी म्हणून जवळ केले.

मलप्रभेच्या उगमाशी, आमच्या कणकुंबीच्या बाजूला, ती स्त्री आजही भेटते. आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यास आम्ही गेलो असता एक माउली म्हणाली, पोट फुगते, कंबर दुखते, लघवीस वारंवार जावे लागते. घरच्यांनी वाताचे औषध आणले होते. पाळी जाऊन कैक वर्षे लोटल्यावर लुगड्यास डाग पडला होता, हे तिने कोणासच सांगितले नव्हते. 'पाऊस ओसरू द्या' म्हणत चार महिने गेले. अखेर सुनेनेच तिला जांबोटीमार्गे बेळगावास नेले. उपचार चालू आहेत. गेलेले चार महिने मात्र परत येणार नाहीत.

वाचकहो, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा थेंबही दिसला, तर तो वयाचा धर्म समजू नये. बहुधा कारण साधेच निघते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच खुणेने वेळीच सापडतो. सार्कोमा नावाचा विरळ रोग मात्र गर्भाशयाच्या स्नायूंत उद्भवतो. गर्भाशयाच्या १०० कर्करोगांत तो सुमारे ३ ते ७ इतकाच. दिसावयास तो नेहमीच्या साध्या गाठीसारखा. म्हणून सोनोग्राफीत फसवितो, अस्तर खरवडून केलेल्या तपासणीतही निसटू शकतो. क्वचित खोकला वा धाप हीच पहिली तक्रार असते. खात्रीचे निदान काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होते.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. भिण्याचे कारण नाही. परंतु पाळी गेल्यावर गाठ आकसावयास हवी. ती वाढू लागली तर स्त्रीरोगतज्ज्ञास दाखवावे. शस्त्रक्रिया ठरल्यास, गाठ अखंड काढणार की यंत्राने तुकडे करून, हे विचारावे. दडलेला कर्करोग अशा तुकड्यांबरोबर पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला आहे.

भगिनींनो, डॉक्टरांपुढे अर्धी हकीकत सांगू नका. आणि पुरुषांनो, घरातील माउलीला ती सांगण्याचे धैर्य येईल, असे आपले घर ठेवा.