यासुके, मलिक अंबर आणि बंद माइक

मंडळी, यासुके हे नाव ऐकले आहे का? माझ्या नातवामुळे मला ते कळले, आणि त्याला व्हिडिओ गेममुळे. मार्च २०२५ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा गेम आला. गोष्ट सोळाव्या शतकातल्या जपानची. दोन नायकांपैकी एक नाओए नावाची मुलगी आणि दुसरा हा यासुके, आफ्रिकन. मे २०२४ मध्ये गेम जाहीर झाला तेव्हापासूनच नेटवर कल्लोळ... जपानच्या इतिहासात काळा माणूस कशाला घुसवता?

घुसवायला तो काल्पनिक नाही हो. वालिन्यानो या जेझुइट पाद्र्याबरोबर तो जपानला गेला. १५८१ साली ओदा नोबुनागाने त्याला पाहिले, तेव्हा हा रंग खरा आहे यावर त्याचा विश्वासच बसेना. कमरेपर्यंत कपडे उतरवून खात्री करून घेतली म्हणे. मग मात्र पदरी ठेवले, तनखा दिला, घर आणि तलवारही दिली. १५८२ मध्ये आकेचीने दगा दिला, नोबुनागा गेला. यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला आणि पकडला गेला. आकेचीने त्याला मारले नाही. का, तर हे जनावर आहे, याला काही कळत नाही, शिवाय हा जपानीही नाही, द्या पाठवून पाद्र्यांकडे! हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

आता तो ‘समुराय’ होता की नुसता सेवक, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. पण नेटवर ओरडणारे काही जुनी हस्तलिखिते उघडून बसले नव्हते. २०१७ साली ‘निओह’ नावाचा एक गेम आला होता, तोही जपानी कंपनीचा. त्यात हाच यासुके आहे, पण शत्रू म्हणून, खेळणाऱ्याने हरवायचा. आणि नायक कोण? विल्यम अॅडम्स या इंग्रज खलाशावर बेतलेला गोरा माणूस! परदेशी माणूस जपानचा इतिहास घडवतोय म्हणून तेव्हा एवढा गदारोळ झाला नाही. काळा माणूस मार खात होता तोवर कुणाची हरकत नव्हती, तो नायक झाला आणि सगळ्यांना इतिहासाचा पुळका आला, असेच मी म्हणेन.

(या गेममध्ये एका खऱ्या देवळात मोडतोड करता येते, अशी तक्रार जपान्यांनी केली होती. ती रास्त होती आणि कंपनीने बदलही केला. तो मुद्दा वेगळा.)

नातवाने मला विचारले, “आजी, पण समुराय असा दिसतो का कधी?” मी म्हटले, अरे, आपला मलिक अंबर कसा दिसत होता? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला, की भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्रच काढून घेतले. त्या काळचा व्हिडिओ गेमच म्हणा ना! प्रत्यक्षात अंबर हाती लागलाच नाही, १६२६ मध्ये म्हातारा होऊन गेला. आठवणींतही जहांगीर त्याचा उल्लेख करतो तो काळ्या तोंडाचा असाच.

हे सगळे त्याला सांगण्याचे कारण वेगळेच होते. हा मुलगा हेडफोन लावून देशोदेशीच्या पोरांबरोबर खेळतो. उच्चारावरून हा भारतीय हे कळले, की पलीकडून जे काही बोलतात ते मी इथे लिहिणार नाही. हल्ली तो माइक बंद ठेवून खेळतो आणि खेळताना इंग्रजी नाव घेतो. ज्याला हे भोगावे लागते त्याने यासुकेबद्दल तोच प्रश्न विचारावा, याचे मला फार वाईट वाटले. त्याला एकट्याला तरी कसा दोष देऊ? गोरी सून हवी म्हणणारी घरे आपलीच. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण झाली, ती करणारे आपलेच लोक.

तो ऐकत होता, वाद घातला नाही. नंतर नेटवर मलिक अंबरचा गेम शोधत बसला. त्याला काही सापडला नाही. मग म्हणाला, त्याची कबर कुठे आहे? खुलताबादला, म्हटले. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरते आहे, माझ्या गुडघ्यांनी साथ दिली तर. कुणी अलीकडे जाऊन आले असेल तर तिथे पायऱ्या किती आहेत ते जरूर कळवा.