गाळलेलं पाणी, मारलेली तहान

पाणी गाळून प्यावं, हे आम्हा जैनांच्या घरी मुलीला लहानपणीच शिकवतात. पोटभर प्यावं, हे कोण शिकवतं? उलट निपाणी-चिकोडीकडं निघालं की, "बाई, वाटेत पाणी पिऊ नको, सोय नसते." म्हणजे गावानं संडास बांधायचे नाहीत आणि बाईनं तहान मारायची!

आपली मूत्रपिंडंही दिवसाला रक्तातला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते. जळजळ, खडे मागं लागतात. रात्री पाण्याचा त्याग करणारीनं तर दिवसा आठवणीनं प्यावं. पण त्याग स्वखुशीचा असतो. हा लादलेला उपास आहे, त्याला व्रत म्हणू नका. पाणी प्या आणि बाजारात, बसस्थानकावर बायकांसाठी स्वच्छ संडास मागा.