ॲपसाठी कर्जाच्या कागदावर सही करू नका!

तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी, त्यांचे पालक आणि प्राध्यापक मंडळी यांना जाहीर आवाहन

गेल्या आठवड्यात ‘करिअर मार्गदर्शन’ आहे असं सांगून मुलांना एका महाविद्यालयाच्या सभागृहात बसवण्यात आलं. मार्गदर्शन नावापुरतं झालं आणि लगेच एका खासगी अभ्यास ॲपची विक्री सुरू झाली. संध्याकाळी एजंट पालकांच्या दारात हजर! आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, एवढ्यावर काम झालं. आपण प्रवेशाची रक्कम भरली असं ज्यांना वाटलं, त्यांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज चढलेलं होतं. सोयाबीनला भाव नाही म्हणून आधीच मेटाकुटीला आलेल्या घरांत आता दर महिन्याला हप्ता. मुलीने ॲप उघडलं नाही तरी पैसे खात्यातून आपोआप कापले जाणार. एखादा हप्ता चुकला, सिबिल बिघडलं आणि खरिपाच्या तोंडावर बँकेने पीक कर्ज अडवलं, तर बापाने कुणाकडे जायचं?

या प्रकारात सभागृह उघडून देणाऱ्यांचा दोष एजंटांपेक्षा कमी नाही. कुणाला राग आला तरी हे आम्ही लिहिणारच. २३ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अशा कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. ऑटो डेबिट टाळा, सही करण्यापूर्वी अटी वाचा, असं त्यात सांगितलं होतं. ती सूचना शालेय विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी होती, पण महाविद्यालयात शिकलेली माणसं वाचत नाहीत का?

सगळ्यात चीड येते ती एका गोष्टीची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही सेवा महाविद्यालयांसाठीच आहे. नाममात्र वार्षिक वर्गणीत सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळू शकतं, टॅबवर घरबसल्या वाचता येतं. अनेक महाविद्यालयं ही वर्गणी भरतात, नॅकच्या फाइलीत तिची पानं लावतात, पाहणी समिती आली की दाखवतात. आणि मुलांना? तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही विचारलं, तर बहुतेकांनी हे नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. पैसे भरलेली पुस्तकं मुलांपासून लपून राहतात आणि त्याच मुलांना कर्ज काढून नोट्स विकल्या जातात. ग्रंथपालांनी आणि प्राचार्यांनी याचं उत्तर दिलं पाहिजे.

टॅब तर आपल्याकडे आहेत. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले, रोजचा ६ जीबी डेटा दिला. परीक्षा संपली आणि त्यातले कितीतरी टॅब रील्स बघायला लागले. हा जनतेचा पैसा आहे, मित्रांनो. थोडी लाज वाटू द्या आणि ते टॅब पुन्हा अभ्यासाला लावा.

त्यावर काय हवं? ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ आधी घ्या. २०१७ पासून सुरू आहे, अभ्यासक्रम मोफत. शुल्क लागतं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं असेल तरच. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून मिळवता येतात, तेव्हा कुठले विषय चालतील ते विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या मुलांना ‘एनपीटेल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. आयआयटी खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पाठ्यपुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत सगळं शोधता येतं. इंग्रजी अडत असेल तर आयआयटी मुंबईचं ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघा: संगणकाचे छोटे छोटे धडे, मराठीतूनही, आणि डाउनलोड करून ठेवता येतात. गणितासाठी ‘जिओजेब्रा’, वक्र बोटाने हलवून बघितला की समीकरण डोक्यात बसतं. पाठांतरासाठी ‘अँकीड्रॉइड’, पूर्ण मोफत. वाडीवर रेंज नाही म्हणणाऱ्यांनी ‘किविक्स’ घ्यावं, आमच्या अभ्यासिकेच्या वायफायवर विकिपीडिया उतरवून घरी न्यावा. कला शाखेच्या मुलांनी मराठी विश्वकोश उघडावा, वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं ते धन आज टॅबवर फुकट आहे. जीबोर्डवर मराठीत बोलून टंकता येतं, ड्राइव्हच्या ॲपने वहीची पानं स्कॅन होतात, डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका राहतात. बस. स्वस्तातल्या टॅबवर याहून जास्त गर्दी करू नका, तो रखडतो.

काही जण म्हणतात, फुकटचं ते टाकाऊ. आयआयटीचा प्राध्यापक टाकाऊ आणि दारावर आलेला एजंट विद्वान? पैसे मोजले की मूल अभ्यास करतं, असंही ऐकू येतं. कर्जाच्या धाकाने कुणी अभ्यास केल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही. आमच्या अभ्यासिकेत, लोकवर्गणीतून आणलेल्या बाकांवर बसून मुलं तलाठी झाली, पोलिसात गेली, अभियंते झाली. एकाच्याही घरी ॲपचा हप्ता नव्हता.

आता लगेच करायचं ते असं. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका, अभ्यासाच्या नावावर आला असला तरीही. सही झाली असेल तर कराराची प्रत मागा, रद्द करण्याची मुदत बघा आणि मुदतीच्या आत लेखी कळवा. फायनान्स कंपनीलाही पत्र द्या, कारण नुसता बँकेतला ऑटो डेबिट थांबवला तर कर्ज तसंच राहतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. विद्यार्थ्यांनी उद्याच ग्रंथपालांकडे एन-लिस्टच्या लॉगिनसाठी अर्ज द्यावा, एकेकट्याने नव्हे, अख्ख्या वर्गाने, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. वर्गणीच भरलेली नसेल तर ती भरा अशी मागणी करावी. प्राध्यापकांनो, तुमच्या विषयाचे स्वयम्वरचे अभ्यासक्रम सूचना फलकावर लावा. यापुढे कुठल्याही कंपनीला सभागृह देण्यापूर्वी पालकांना विचारलं गेलं पाहिजे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता टॅब आणि चार्जर घेऊन अभ्यासिकेत या. आमचे कार्यकर्ते वरची सगळी ॲप्स तुमच्यासमोर घालून देतील, वापरायला शिकवतील. ज्या पालकांनी सही केली आहे त्यांनी कराराचे कागद आणि पासबुक सोबत आणावं. संकोच करू नका, तक्रारीचा अर्ज आम्ही लिहून देऊ.

आपले,
अभ्यासिका समितीचे सर्व कार्यकर्ते