प्रजनन संपते, अवयव राहतात

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नातवाला दहावीचे विज्ञान शिकवायला बसल्या असता त्यांना ‘प्रजनन’ हा शब्द भेटला. “आम्ही शाळेत ‘पुनरुत्पादन’ म्हणत होतो. दोन्ही एकच की काही फरक आहे?” असे त्या विचारतात. उत्तर चार ओळींत देता आले असते. पण या शब्दाशी माझा एक जुना हिशेब आहे, तोही या निमित्ताने मांडते.

‘जन्’ या संस्कृत धातूचा अर्थ जन्मणे, उत्पन्न होणे. जन्म, जनक, जननी ही त्याचीच मुले. त्यामागे ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रजा’ शब्द झाला. प्रजा म्हणजे मुळात संतती; राजाची प्रजा हा त्याचाच विस्तार. म्हणून प्रजनन म्हणजे आपल्यासारखा नवा जीव निर्माण करणे. ‘पुनरुत्पादन’ याचाही शास्त्रीय अर्थ तोच, मात्र त्या शब्दाला थोडा कारखान्याचा वास येतो. मला ‘प्रजनन’ अधिक रुचतो.

हा शब्द उच्चारताना आपण उगीच आवाज खाली आणतो. अमीबा स्वतःचे दोन भाग करतो, तेही प्रजनन. कुंडीत पडलेल्या पानफुटीच्या पानाच्या कडेला कोवळी रोपे फुटतात, टोपलीतल्या बटाट्याचा डोळा अंकुरतो, तेही प्रजननच. स्त्री-पुरुषांच्या संबंधातून होणारे लैंगिक प्रजनन हा त्याचा केवळ एक प्रकार.

पाठ्यपुस्तकात आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते. श्वसन थांबले, पचन थांबले, तर जीव जातो. प्रजनन थांबले, तर त्या व्यक्तीच्या जगण्याला बाध येत नाही; ते जातीच्या सातत्यासाठी आवश्यक असते. हे विधान अगदी बरोबर आहे आणि घोटाळा नेमका येथेच सुरू होतो. कारण गर्भाशय, अंडाशय, प्रोस्टेट या अवयवांच्या समूहालाही आपण ‘प्रजनन संस्था’ म्हणतो. कार्य संपले की अवयवही हिशेबातून गेले, असे मन नकळत धरून चालते. ‘रजोनिवृत्ती’ या शब्दातही निवृत्ती आहेच. पण सेवानिवृत्त झालेला माणूस घरातून नाहीसा होत नाही. त्याला ताप येतो, त्याचे गुडघे दुखतात.

मी 22 वर्षे जीवशास्त्र शिकवले. हा धडा आला की “घरी वाचून या” असे सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे. त्या काळात बहुतेक शिक्षिका तसेच करीत. तरी ती सबब नव्हे.

माझ्या सासूबाई तेव्हा 67 वर्षांच्या होत्या. पाळी थांबून 16 वर्षे झालेली. एके दिवशी कपडे वाळत घालताना हसत म्हणाल्या, “अगं, या वयात पाळी परत आली बघ माझी! देवालाही थट्टा सुचते.” मीही हसले. जीवशास्त्राची शिक्षिका असून हसले. पुढे कधी डाग दिसत, कधी नाही. पाच महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्या बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “आजी, ती पाळी नव्हती.” गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. सुदैवाने सासूबाई पुढे नऊ वर्षे जगल्या आणि हृदयविकाराने गेल्या. ते पाच महिने मात्र माझ्या मनातून गेले नाहीत.

‘पाळी’ म्हणजे क्रमाने येणारी वेळ. अंडाशयातून दरमहा बीज बाहेर पडते, गर्भाशयाचे अस्तर जाड होते, गर्भधारणा झाली नाही की ते गळून पडते. हा क्रम सलग 12 महिने बंद राहिला, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. त्यानंतर दिसणाऱ्या रक्ताला पाळी म्हणणे ही शब्दाची चूक आहे आणि ती महागात पडते. असा रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी साधारण दहापैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या बहुतेकींत कोरडी व पातळ झालेली त्वचा, एखादा मांसल कोंब अशी साधी कारणे असतात. म्हणून घाबरून जाऊ नये; पण एकच डाग असला, फिकट असला, दुखत नसले, तरी तपासणी टाळू नये. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणे, एवढ्यावर बहुधा निदान होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा संप्रेरकांची औषधे चालू असतील तर ते अवश्य सांगावे; मात्र ‘गोळ्यांमुळेच असेल’ असे घरीच ठरवू नये.

आपल्या भाषेत या विषयाला शब्द नाहीत असेही नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि मराठीत या गोष्टी सरळ शब्दांत लिहिल्या. आपण मात्र अजून ‘पिशवी’वरच भागवतो. पित्ताची पिशवी, लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, सारे एकच! “आईची पिशवी काढली आहे” असे मुलगा सांगतो, तेव्हा डॉक्टरांना काय कळावे? गर्भाशय काढले असेल, तर त्याचे मुख ठेवले आहे का, अंडाशय ठेवले आहेत का, यावर पुढच्या तपासण्या ठरतात. शस्त्रक्रियेचे जुने कागद शोधून एका पिशवीत (येथे हा शब्द योग्य!) ठेवावेत. “अंग बाहेर येते” हेही असेच. गर्भाशय किंवा योनीमार्गाची भिंत खाली सरकलेली असते आणि व्यायाम, आधाराची रिंग, शस्त्रक्रिया असे त्यावर उपाय आहेत. पण कित्येक आजी ते वर्षानुवर्षे सोसत राहतात.

आजोबांची गोष्ट उलटी आहे. प्रोस्टेट ही ग्रंथी प्रजनन संस्थेची, वीर्यातील काही द्रव ती तयार करते. पण ती मूत्रमार्गाभोवती असल्याने वाढली की तक्रार लघवीची होते. धार बारीक होते, रात्री चारदा उठावे लागते, आणि आजोबा “वय झाले” म्हणून सोडून देतात. अशा वेळी सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकाएकी अडूही शकते. त्या मनाने घेऊ नयेत.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: दोन्ही शब्द एकच. नातवाचा तो धडा झाला की पुस्तक एकदा स्वतःकडे मागून घ्या आणि त्यातील आकृत्या पाहा. अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनी तर जरूर पाहाव्यात. कपड्यावरचा लाल डाग मूत्रमार्गातून आला, योनीमार्गातून की गुदद्वारातून, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. “आईंची पाळी 16 वर्षांपूर्वी थांबली आणि मंगळवारपासून योनीमार्गातून रक्त जात आहे.” त्या वेळी हे एवढे वाक्य मला बोलता यायला हवे होते.