नदी महालाकडे जात नाही

अमेरिकी चित्रकार थॉमस कोल याच्या ‘व्हॉयेज ऑफ लाइफ’ या मालिकेतले ‘यूथ’ हे चित्र म्हणजे तारुण्याच्या उमेदीचा गौरव, असे सर्रास सांगितले जाते. पुरावाही चित्रातूनच दिला जातो. हिरवे काठ, संथ पाणी, सुकाणू धरून हात पुढे केलेला मुलगा आणि समोर आकाशात घुमटांचा शुभ्र महाल. हा अर्थ मला साफ नामंजूर आहे.

तो रूढ कसा झाला, हे समजण्यासारखे आहे. मालिकेत चित्रे चार: बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य. कोल 1848 मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन आर्ट-युनियनने वर्षाला पाच डॉलर भरणाऱ्या सभासदांना जेम्स स्मिली याने कोरलेले ‘यूथ’चे छापचित्र वाटले. हजारो घरांत भिंतीवर लागले ते हे एकच. कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे माणसे धावत सुटली, तेच हे वर्ष. अशा घरांना महालच आधी दिसला, तर नवल नाही.

पण एकटे चित्रसुद्धा खोटे बोलत नाही. महालावरून नजर काढा आणि पाण्याबरोबर चला. नदी काही अंतर थेट महालाच्या रोखाने जाते आणि मग एकाएकी वळते. झाडांच्या फटींतून ती तुकड्यातुकड्यांनी दिसत राहते आणि शेवटी वेगाने खडकाळ घळीत उतरते. पुढच्या चित्रातला प्रौढ प्रवासी याच घळीत सापडतो, सुकाणू गमावलेला, हात जोडलेला. मुलाची नजर महालावर खिळलेली असल्याने त्याला हे वळण दिसत नाही. आपल्याला ते दिसावे, अशीच कोलची रचना आहे. नावेच्या टोकाशी कोरलेल्या आकृतीच्या हातात वाळूचे घड्याळ आहे, तेही मुलाच्या लेखी नाही. निसर्ग ही इथे गोष्टीमागची शोभा नव्हे. गोष्ट नदीच सांगते.

यावर जाणकार आक्षेप घेतात: कोरीव छापचित्र म्हणजे रंग गेलेली नक्कल, तिच्यावरून अर्थ काय लावायचा? मला हे उलट वाटते. रंगीत चित्रात हिरवाई आणि सोनेरी उजेड भुरळ घालतात. छापचित्रात शाई धरते ती कोरलेल्या रेषेतच. उजेड म्हणजे न कोरलेला कोरा कागद. त्यामुळे महाल अगदी थोड्या, बारीक रेषांवर उभा राहतो, तर जवळची झाडे आणि काठ दाट रेषांनी भरीव होतात. भक्कम काय आणि हवेतले काय, हे छापात अधिक स्पष्ट कळते. कोल स्वतः पोरवयात इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये कापडछपाईसाठी नक्षी कोरायचे काम शिकला होता. रेषेला परके असे हे चित्र नव्हेच.

राहिला काठावरचा देवदूत. त्याच्याकडे बोट दाखवून ‘पाठराखण आहे ना’ असे म्हणतात. आहे, पण बालपणाच्या चित्रात सुकाणू त्याच्या हाती होते. इथे तो नावेतून उतरून निरोप देतो आहे. प्रौढाच्या मागे तो ढगांत असतो आणि प्रौढाला दिसत नाही. कोल श्रद्धाळू होता, आशा त्याने नाकारलेली नाही. पण देवदूत समोर येऊन प्रवाशाला पहिल्यांदा दिसतो तो चौथ्या चित्रात, नदी संपून समुद्र लागल्यावर, म्हाताऱ्याला.