लहान कारखाना आणि बाहेरचे ज्ञान

संशोधन हे बड्या उद्योगांचे काम. लहान कारखानदाराने हाती आलेल्या नकाशाबरहुकूम माल करून द्यावा, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती जितकी सोयीची, तितकीच घातक आहे.

कोल्हापूरनजीकच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांचेच उदाहरण घ्या. वाहनांना व यंत्रांना लागणारे ओतीव भाग येथे तयार होतात. दोष वाळूत आहे, साच्यात आहे की रसाच्या तापमानात, हे अनुभवी कारागीर पुष्कळदा अचूक ओळखतो. परंतु विजेवर धावणाऱ्या गाडीला इंजिनच लागत नाही. इंजिनाच्या भागांची मागणी उद्या घटली, तर नवे धातू आणि नवी उत्पादने शोधावी लागतील. तेथे एकट्याचा अनुभव पुरणार नाही. धातुशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा यांची जोड लागेल. हा खर्च एका लहान मालकाला झेपणारा नव्हे; दहाजणांनी मिळून तो उचलता येतो.

हा मार्ग अपरिचित नाही. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९४७ साली अहमदाबादेत ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभी राहिली, ती बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गिरण्यांच्या सहकार्यातूनच. पुढे मुंबई व कोईमतूर येथेही अशा संस्था निघाल्या.

मग अडते कोठे? पहिली अडचण विश्वासाची. आपली युक्ती भागीदार पळवील, या भयाने मालक तोंड उघडत नाही. म्हणून शोधावर हक्क कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. दुसरी अडचण पैशाची. मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. विलंबास जबर व्याजही लावतो. पण मोठे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने तक्रार करण्यास कोण धजावणार? थकलेल्या बिलांतून प्रयोगासाठी पैसा उरत नाही.

तिसरी अडचण आपल्या महाविद्यालयांची आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अनेकदा केवळ गुणांपुरते होतात. त्यांतले थोडे जरी शेजारच्या कारखान्यातील खऱ्या प्रश्नांवर झाले, आणि अशा कामाची नोंद प्राध्यापकाच्या बढतीतही घेतली गेली, तर विद्यार्थ्याला विद्या मिळेल आणि कारखान्याला उत्तर. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्राचार्य आणि कारखानदार यांनी एकमेकांच्या दारी जाण्याची मात्र आवश्यकता आहे.